अमळनेरला भरती येते

प्रा. जिनेश छाजेड यांच्या अमळनेरच्या घराबाहेर जी पितळी पाटी होती, तिच्यावर नावाच्या अलीकडे चार बोटं रिकामी जागा होती. ती जागा त्याच्या वडिलांनी, म्हणजे नेमीचंदजींनी, पाटी करून घेतानाच ‘डॉ.’साठी राखून ठेवली होती. नेमीचंदजी धान्याचे व्यापारी. माल यायच्या आधी गोदाम मोकळं ठेवायची त्यांना सवय. पण माल काही येईना. जिनेश पन्नाशीला टेकला, डोक्यावरचं टक्कल पाटीवरच्या रिकाम्या जागेशी स्पर्धा करू लागलं, तरी ती जागा तशीच. येणाजाणारा पाटी वाचायचा आणि विचारायचा, “इथलं अक्षर पडलं का हो?” जिनेश म्हणायचा, “नाही, अजून उगवायचंय.”

हा विनोद पहिल्यांदा त्याला स्वतःलाच आवडला होता. पुढे तोही शिळा झाला.

मुळात जिनेश प्राणिशास्त्रात आला हीच एक दुर्घटना. डॉक्टरकीला मार्क कमी पडले, दुकानात बसायचं नव्हतं, म्हणून मधला मार्ग काढला आणि धुळ्याच्या एका कॉलेजात चिकटला. ज्या घरात पाणीसुद्धा गाळून, उकळून पितात त्या घरातला मुलगा रोज एसटीने धुळ्याला जाऊन पोरांना झुरळाचं पोट उघडून दाखवायचा, आणि ते दाखवताना नजर खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडावर ठेवायचा. पुढे वरूनच हुकूम आला आणि कापाकापी बंद झाली, तेव्हा कॉलेजातल्या झुरळांपेक्षा जिनेशचाच जीव जास्त भांड्यात पडला.

पीएच.डी.चे त्याचे दोन विषय आधीच बारगळले होते. तिसरा विषय त्याच्या मार्गदर्शक ज्योत्स्ना मॅडमनी त्याची जात-कुळी ओळखूनच दिला. म्हणाल्या, “छाजेड सर, रक्ताचा थेंब नको, सुरी नको. तापीतले शिंपले आणा, वेगवेगळ्या खारट पाण्यात ठेवा आणि फक्त पाणी तपासा. तुम्हाला जमेल असं एवढंच राहिलंय. आणि ही शेवटची मुदतवाढ आहे, हेही लक्षात असू द्या.”

विषय खरोखर सुंदर होता, आणि जिनेश त्याच्यावर मनापासून भाळला. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं दुखणं असं, की त्याच्या अंगात मीठ जास्त आणि बाहेरच्या पाण्यात कमी. त्यामुळे पाणी सारखं आत घुसतं आणि मीठ सारखं बाहेर झिरपतं. बिचारा दिवसरात्र पाणी उपसून बाहेर टाकतो आणि कल्ल्यांनी मिठाचा कण न कण वेचून आत ओढतो. अन्नातला जो नत्राचा कचरा, त्याचं आपण खर्च करून युरिया करतो, पक्षी त्याची पांढरी पेस्ट करतात. शिंपला मात्र तो कचरा अमोनिया म्हणून सरळ पाण्यात सोडून देतो. पाणी खारट झालं तर तो दोन्ही कवाडं लावून घेतो. मग आत श्वासाचा आंबटपणा साठत जातो, आणि तो मारायला हा स्वतःच्याच कवचाचा चुना विरघळवतो. फार वेळ मिटून राहिला, तर राहतं घरच पातळ होत जातं. हे सगळं जिनेश इतकं रंगून सांगायचा, की मागच्या बाकावरची पोरंही मोबाइल खाली ठेवायची. त्याची बायको हिना मात्र माहेरच्यांना एका वाक्यात सांगायची, “हे शिंपल्याच्या लघवीचे डॉक्टर होणार आहेत.”

“लघवी नाही गं,” तो कळवळून म्हणायचा, “बराचसा अमोनिया कल्ल्यांतून जातो.”

धुळ्याच्या प्रयोगशाळेत शिंपल्यांच्या दोन खेपा मेल्या. वीज गेली की हवेचा पंप बंद, आणि मग उपाशी ठेवून आधीच अशक्त झालेले शिंपले आपल्याच अमोनियात बुडून जायचे. तो वास जिनेशच्या शर्टाला इतका लागला, की एसटीत शेजारची सीट रिकामी राहू लागली. शेवटी त्याने ठरवलं, प्रयोग घरीच करायचा. मागच्या ओट्यावर सावली आहे, दुकानाचा इन्व्हर्टर आहे, आणि प्लॅस्टिकचे टब तर वडिलांच्या गोदामात पडूनच आहेत.

राहता राहिली आई. प्रेमकुंवर, घरात सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंनी टबात वाकून पाहिलं आणि विचारलं, “जिनू, हे तर बेइंद्री जीव. स्पर्श कळतो, चव कळते, बाकी काही नाही. यांचं काय करून राहिला तू?”

“काही नाही बाई, फक्त ठेवायचेत. पाणी तपासायचं.”

“मरणार नाहीत?”

“नाही.”

“काम झालं की?”

“ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडीन. तापीत.”

“हां. दुसऱ्या पाण्यात नाही सोडायचे,” बाई म्हणाल्या, आणि परवानगी मिळाली.

तापीकाठच्या गावचा निंबा मच्छीमार गोणीत शिंपले आणि कॅनमध्ये नदीचं पाणी घेऊन आला, तेव्हा ओट्यावर टेकून त्याने विचारलं, “सर, ह्या इतला शिंपला काय करतस? खातस का काय?” आतून बाईंच्या हातातली वाटी पडल्याचा आवाज आला. जिनेशने घाईघाईने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

टब मांडले. एकात निव्वळ तापीचं पाणी, बाकीच्यांत खडे मीठ चढत्या मापाने. घरात सगळ्यांना एकच ताकीद दिली: यांना काही खायला घालायचं नाही. खाल्लं की अमोनिया वाढतो आणि हिशेब चुकतो. जुनं खाणं पोटातून सरेपर्यंत उपाशी, आणि पुढे प्रयोगभर पाण्यात जे काय मिळेल तेवढंच. बाई ते ऐकत माळ जपत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि बाई बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना पटलं, असं समजण्याची चूक जिनेश लहानपणापासून करत आला होता.

रोज संध्याकाळी धुळ्याहून आला, की बूट काढायच्या आधी तो ओट्यावर जायचा. प्रत्येक टबातलं पाणी नळीत घ्यायचा आणि त्यात औषध टाकायचा. अमोनिया जितका जास्त, तितकं पाणी पिवळं. सुरुवातीला सगळं पुस्तकात असतं तसंच चाललं होतं. मग एका संध्याकाळी सगळ्याच नळ्या गडद पिवळ्या झाल्या. खारट टबातल्याही आणि साध्या पाण्यातल्याही. दुसऱ्या दिवशी रंग उतरू लागला. आठवडाभराने पुन्हा तेच. तेव्हा जिनेश हताश झाला. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याची नजर सहज भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे गेली, आणि तो एकेक तारीख मागे मोजत गेला.

गडद पिवळा रंग यायचा तो पौर्णिमेला, अमावास्येला, आणि दोन्ही पक्षांतल्या नवमीला.

आता समुद्राला सगळ्यात मोठी भरती येते ती पौर्णिमा-अमावास्येला, आणि सगळ्यात छोटी अष्टमी-नवमीच्या सुमाराला. म्हणजे अमळनेरच्या ओट्यावर, समुद्रापासून इतक्या लांब, नेमीचंद छाजेडांच्या धान्याच्या टबात बसलेले शिंपले भरती-ओहोटी पाळत होते! ज्यांचे पूर्वज युगांपूर्वी समुद्रातून नदीत आले, त्यांच्या कल्ल्यांत अजून समुद्राची आठवण शिल्लक होती! जिनेश टबाशेजारी मांडी घालून बसला आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. मीठबीठ सगळं मागे पडलं. प्रबंधाचं नावच बदललं.

त्या रात्री तो हिनाला म्हणाला, “समुद्र यांना विसरलाय, पण हे समुद्राला विसरले नाहीत.”

“तुम्ही दळण आणायला विसरलात,” हिना म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे जिनेशला तिचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. छाजेडांच्या घरी तिथी पाळतात. शुद्ध पाचम, दोन्ही आठमा, दोन्ही चौदशी. या दिवशी घरात हिरवी भाजी येत नाही, आणि बाई उपवास करतात तो नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. जिनेशच्या डब्यात त्या दिवशी मुगाची डाळ असायची. स्टाफरूममध्ये डबा उघडला की तो दर खेपेला कपाळाला हात लावायचा, “आली का पुन्हा!” म्हणजे चंद्राच्या कला त्याला रोज जेवणातून कळत होत्या. पण डबा हा घरचा विषय आणि चंद्र हा शास्त्राचा, असे दोन कप्पे त्याच्या डोक्यात इतके पक्के होते, की एकातला वास दुसऱ्यात गेला नाही.

ज्योत्स्ना मॅडम आधी कचरल्या, मग आकडे पाहून त्याही भरतीत वाहून गेल्या. प्रबंध सादर झाला. जळगावला विद्यापीठात तोंडी परीक्षा ठरली, सर्वांसाठी खुली. अशा परीक्षेला घरचे सगळे जातात. समोसे-पेढ्यांचा खर्च उमेदवाराचा असतो, आणि निकाल काय लागणार हे समोसे आणले तेव्हाच ठरलेलं असतं, असा समज आहे. नेमीचंदजींनी पेढे सढळ हाताने घेतले. ते स्वतः मात्र आले नाहीत. “दुकान आहे, आणि घरी एक काम आहे,” म्हणाले.

जिनेश त्या दिवशी फार सुंदर बोलला. पडद्यावर त्याचा आलेख लाटांसारखा चढत उतरत होता. “अमळनेरला भरती येते,” तो म्हणाला, आणि सभागृहात कोणीतरी टाळी वाजवली. शेवटच्या रांगेत बाई डोक्यावर पदर घेऊन ताठ बसल्या होत्या. मुलगा काय बोलतो ते त्यांना फारसं कळत नव्हतं, पण एवढे शिकलेले लोक त्याचं ऐकतात हे पाहून त्या सुखावल्या होत्या.

बाहेरून आलेले परीक्षक रत्नागिरीकडचे होते. समुद्राच्या काठावरच जन्म गेलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि आलेखावर बोट ठेवलं.

“हे पौर्णिमा, अमावास्या, नवमी ठीक. पण मधे हा एक उंचवटा दिसतोय तो शुद्ध षष्ठीला. दर महिन्याला आहे. आणि वद्य षष्ठीला मात्र काही नाही. असं का?”

जिनेश म्हणाला, “सर, तो किरकोळ... स्थानिक परिणाम असावा.”

“समुद्राला शुद्ध आणि वद्य कळत नाही, छाजेड. आमच्याकडे दोन्ही षष्ठींना सारखंच पाणी चढतं. तुमच्या शिंपल्यांनाच पंचांग कुठून कळलं?”

जिनेश आलेखात उत्तर शोधू लागला. उत्तर आलं ते शेवटच्या रांगेतून.

“सुद पाचमचा उपवास असतो ना माझा,” बाई म्हणाल्या. प्रश्न घरचाच आहे आणि उत्तर आपल्याला येतं, म्हणून त्या मदतीला धावल्या होत्या. “छटला पारणं. वद पाचमला नसतो.”

परीक्षक वळले. “म्हणजे?”

“मी पारण्याला मुगाचं पाणी घेते. आपण घ्यायच्या आधी कोणा जीवाला तरी द्यायचं असतं. चिमण्यांना ज्वारी टाकते, मुंग्यांना पीठ घालते. आणि हे बिचारे दारातच उपाशी. म्हणून एकेक चमचा यांनापण. गार करून, हो! सगळ्या टबांत सारखं, कोणाला कमी नाही.”

आठमचं पारणं नवमीला. चौदशीचं पारणं पौर्णिमेला, नाहीतर अमावास्येला. जिनेशच्या डोळ्यांसमोर मुगाच्या डाळीचे सगळे डबे एकामागून एक उघडत गेले.

ज्योत्स्ना मॅडम झटकन सावरायला उठल्या. “सर, काकूंचं वय झालंय. एखाद्या वेळेला घातलं असेल त्यांनी. कधी घातलं, किती घातलं, हे त्यांच्या लक्षात राहणं कठीण आहे.” आणि त्यांनी जिनेशकडे असं पाहिलं, की आता फक्त मान हलव, बाकी मी बघते.

परीक्षकांनी विचारलं, “तसं आहे का, छाजेड?”

जिनेशने तोंड मिटलं. मान हलवायची, एवढंच काम होतं. खरंच बाईंचं वय झालं होतं. पाटीवरची जागा आठवली, वडील आठवले, शेवटची मुदतवाढ आठवली. जितका वेळ तो मिटून राहिला तितका तोंडाला आंबट आंबट होत गेलं, आणि वर्गात इतकी वर्षं रंगवून सांगितलेला तो शिंपला त्याला स्वतःच्याच छातीत सापडला. शेवटच्या रांगेत बाई भांबावून मॅडमकडे पाहत होत्या. जन्मात तिथी न चुकवलेल्या बाईला कोणीतरी भर सभेत विसराळू ठरवत होतं, आणि तिचा मुलगा गप्प होता.

“नाही सर,” जिनेश म्हणाला. “माझी आई तिथी विसरत नाही.” मग त्याने विचारलं, “बाई, कधीपासून घालतेस?”

“आणले ना तू, त्या आठमच्या पारण्यापासून.”

जिनेशला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना. “सर, भरती समुद्राची नव्हती,” तो डोळे पुसत म्हणाला, “आमच्या स्वयंपाकघरातली होती.”

परीक्षक हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी प्रबंध मिटला. सुधारून पुन्हा सादर करावा, निरीक्षणं नव्याने घ्यावीत, असं ठरलं. समोसे सगळ्यांनी खाल्ले. पेढ्यांचं काय करायचं हे कोणालाच कळेना, म्हणून ते डबे तसेच गाडीत परत आले.

जळगावहून अमळनेरपर्यंत बाई खिडकीतून केळीच्या बागा पाहत राहिल्या. घरापाशी गाडी थांबली आणि जिनेशच्या तोंडचं पाणी पळालं. नेमीचंदजींनी ‘घरचं काम’ उरकलं होतं. पेंटर बोलावून, मुहूर्त पाहून, पाटीवरची ती चार बोटं जागा भरून टाकली होती. ‘डॉ.’ अजून ओला होता. वडील शेजारी उभे, आणि शेजारपाजारचे हात पुढे करून पेढ्यांची वाट बघत.

हिनाने सासऱ्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. नेमीचंदजी हं म्हणाले. आत गेले, टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन आले, आणि कोणाला हात न लावू देता स्वतः ती जागा पुसली. पितळेवर थोडा काळपट डाग राहिला. “पेढे वाट गं,” ते हिनाला म्हणाले. “आणलेले आहेत तर वाटायचे.” शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले आणि अभिनंदनही केलं. जिनेशने ते सगळ्यांशी हात मिळवून स्वीकारलं, कारण नाकारायचं कसं हे त्याला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी तो टब गाडीत घालून तापीवर गेला. काम संपलं होतं, आणि शब्द दिलेला होता. बाई बरोबर आल्या. जीव नीट पोचतात की नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. निंबा होडी सोडून काठावर आला आणि टबात हात घालून एकेक शिंपला उलटून पाहू लागला.

“बठ्ठा जित्ता शेतस!” एकही मेलेला न सापडल्यावर तो म्हणाला. “सर, आजपावत कोनी परत लई उनं नही.”

जिनेशने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला. खारट टबातल्यांना त्याने आधीच, थोडं थोडं गोडं पाणी घालत, नदीची सवय करून आणली होती. एकेक शिंपला तो वाळूत ठेवत होता. बाई काठावरच्या दगडावर बसल्या होत्या.

“पुन्हा आणावे लागतील?” त्यांनी विचारलं.

“हो. आणि या वेळी खरंच उपाशी ठेवावे लागतील, बाई.”

“उपवास आपला आपण घ्यायचा असतो, जिनू. नेमाचं पच्चक्खाण आपल्या तोंडाने घ्यायचं. दुसऱ्याला घडवला तर ती उपासमार.”

पुढचा प्रबंध खाऊ घातलेल्या शिंपल्यांवर करावा लागणार, चमचा मोजून, आणि ज्योत्स्ना मॅडमना ते कसं सांगायचं याचा विचार करत तो वाकला. शेवटचा शिंपला वाळूत बसला, थोडा वेळ मिटून राहिला, आणि मग त्याच्या फटीतून मऊ पांढरट पाय हळूच बाहेर आला.

तो पाय दिसला तशा बाई बोलल्या. गाडीत, घरात, इतके दिवस जे विचारायचं राहिलं होतं ते.

“माझ्यामुळे गेलं ना रे तुझं?”

जिनेश पाण्यातच वळला. धुळ्यातल्या त्या दोन खेपा त्याला आठवल्या, तो वास आठवला, आणि शास्त्राप्रमाणे उपाशी ठेवलेले ते सगळे जीव, जे त्याने नगरपालिकेच्या कचराकुंडीत टाकून दिले होते आणि घरी कधी सांगितलं नव्हतं.

“नाही बाई,” तो म्हणाला. “तुझ्यामुळे हे राहिले.”

मग त्याने रिकामा टब विसळला आणि बाईंना चढ चढायला हात दिला.